मास्तरांचं उशिराचं ताट

मास्तर बाहेरचं खात नसत. हे त्यांनी गावभर इतक्यांदा सांगितलं होतं, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने आयुष्यात केवढा त्याग केलाय. "कितीही उशीर होऊ दे, जेवणार ते घरीच," असं छातीवर हात ठेवून सांगायचे. आणि उशीर रोज व्हायचा. त्याग मास्तरांचा आणि जागरण बायकोचं, अशी या संसारात वाटणी होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. खाली रस्त्याला लागून ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस, वर राहायचं घर. ऑफिसात काचेचं दार, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि टेबलामागे मास्तरांची बायको. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. फोन घेणं, कुणाला कुठली वेळ द्यायची ते ठरवणं, रडकुंडीला आलेल्या शिकाऊ लोकांना पाणी देणं, ही सगळी कामं बाईंची. एके काळी त्या स्वतः गाडी शिकवायच्या, आणि चांगल्या शिकवायच्या. पण मुलगी झाली, मग मास्तर म्हणाले, "टेबलाला घरचं माणूस हवं," आणि बाई टेबलामागे गेल्या त्या तिथेच राहिल्या. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी टेबल काही सुटलं नाही.

मास्तर संघटनेचे अध्यक्ष झाले आणि घराचं घड्याळ बिघडलं. संघटना गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची. सभासद मूठभर, कामं त्याहून कमी. तरी बैठक रोज. टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत ही मंडळी संध्याकाळी जमत आणि चौकातलं वाहतुकीचं वर्तुळ मोठं हवं की लहान, यावर तावातावाने बोलत. ते वर्तुळ कित्येक वर्षांत तसूभर हललं नव्हतं. मास्तर मात्र असे दमून परत येत, जणू ते एकट्याने उचलून बाजूला ठेवून आलेत.

रस्त्यावरची सगळी दुकानं बंद झालेली असत. जिन्यात पावलं वाजत, दार उघडे, आणि पहिला शब्द, "वाढ."

मग गरम गरम सगळं. मटण, तळलेले बटाटे, भाताचा डोंगर, वर काहीतरी गोड, कारण गोडाशिवाय मास्तरांना जेवल्यासारखं वाटत नसे. ताटात थंड काही आलं की भुवया चढत. बाई गॅससमोर उभ्या राहून एकेक गोष्ट गरम करून वाढायच्या आणि शेवटी स्वतःचे चार घास पोटात ढकलायच्या. जेवताना मास्तर बैठकीचा वृत्तांत सांगत. बाई "हं" म्हणत. त्यांचं लक्ष मास्तरांच्या जबड्याकडे असे. माणूस खाताना इतका आवाज कसा करू शकतो, आणि लग्नाआधी तो आवाज आपल्याला ऐकू कसा आला नव्हता, याचं त्यांना नवल वाटे.

शेवटचा घास गिळला की हात धुवायचे, दिवाणखान्यातून सरळ पलंगाकडे आणि आडवं. मास्तरांच्या पोटात ते सगळं खळबळत असताना ते पाठीवर पडत, आणि मग नाटक सुरू होई. आधी ढेकर. मग छातीत जळजळ. मग "अगं, सोडा आहे का?" मग खोकला. मग पलंगाच्या कडेला बसून राहणं. मग, पोटात काही गेलं की बरं वाटतं म्हणून, डब्यातली बिस्किटं. ती खाऊन परत आडवं. शेवटी झोप लागली की घोरणं असं, की खिडकीच्या काचा थरथराव्यात. सगळ्यात वाईट म्हणजे ते घोरणं मधेच बंद पडे. खोलीत एकदम शांतता. बाई अंधारात डोळे उघडे ठेवून वाट पाहत. मग मास्तर पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा मोठ्ठा श्वास घेत आणि गाडी पुन्हा सुरू. त्यांचा श्वास परत येईपर्यंत बाईंचाही अडकलेला असे. याला माया म्हणायची की नुसती सवय, हे बाईंनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायला डोकं ताजं लागतं, आणि त्यांची झोप होतच नव्हती.

सकाळी मास्तरांचा चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा. "मला सकाळी भूक नसते," हे ते असं सांगत की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. "दिवसभर मी चहावर असतो. एकदाच जेवतो, रात्री." पँटचा पट्टा दर वर्षी एकेक भोक पुढे सरकत होता, पण त्याचा दोष ते पट्ट्याच्या चामड्याला देत. झोप नीट लागत नाही याचा दोष आधी उशीला दिला. उशी बदलली. मग गादीला. गादी बदलली. मग खिडकीला, मग समोरच्या इमारतीतल्या कुत्र्याला. कुत्र्याचा मालक घर बदलून गेला, तेव्हा बाईंना वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःच्या पोटाकडे बघेल. मास्तर म्हणाले, "पलंगाची दिशा चुकतेय." दोन माणसं बोलावून पलंग फिरवला.

"अहो, जरा लवकर जेवून बघा ना," बाई एकदा म्हणाल्या.

"लवकर म्हणजे?"

"बैठकीला जाण्याआधी. सातला."

"सातला?" मास्तर हसले. "अगं, सातला आजारी माणसं जेवतात. आणि लहान मुलं."

आपण लहान मुलाशीच बोलतोय, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण उशिराच्या जेवणानंतर भांडण काढलं की झोप आणखी लांबते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

दिवसा मास्तर झोपत. कुठेही. फोनवर बोलता बोलता, दाढी करून घेताना, आणि पुढे पुढे गाडीतही. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. मास्तर पायातले बूट काढून, फोन बुटात ठेवून आरामात बसत, पाय ब्रेकजवळ ठेवत आणि "हं, चालू द्या" म्हणत. शिकणारे बिचारे समोर बघून घामाघूम झालेले, त्यांना शेजारी काय चाललंय ते कळायचंच नाही. बाईंच्या कानावर मात्र थोडंफार यायचं. एक मुलगा म्हणाला, "सर फार शांत आहेत हो, अजिबात ओरडत नाहीत." बाईंना त्या शांतपणाचं मूळ ठाऊक होतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, तर उत्तर आलं, "मी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकतो. आवाजावरून कळतं, पोरगं काय चुकतंय."

त्या दिवसांत कोर्टातली एक लघुलेखिका गाडी शिकायला यायची. पस्तिशीतली, बारीक अंगाची, हळू बोलणारी. तिचं काम म्हणजे समोरचा बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, त्यात आपलं काही घालायचं नाही. तसाच तिचा स्वभाव झाला होता. सांगितलं तेवढं करायची, आणि ते अगदी चोख.

एका सकाळी मास्तर तिला घेऊन निघाले. आदल्या रात्री संघटनेने कुणाचा तरी सत्कार केला होता, त्यामुळे घरचं ताट आणखीच उशिरा वाढलं गेलं होतं आणि मटण दोनदा घेतलं होतं. गाडीत बसताच मास्तर म्हणाले, "आज नवीन काही नाही. सरळ रस्त्यावर हात बसू द्या. सरळ जात राहायचं. मी सांगेपर्यंत वळायचं नाही, थांबायचं नाही."

"सिग्नलला, सर?"

"सिग्नलला थांबा. पोलिसाने, कुणी माणसाने हात केला तर हाताप्रमाणे. बाकी सरळ."

एवढं बोलून मास्तर इंजिनाचा आवाज ऐकू लागले.

लघुलेखिका सरळ निघाली. बाजार गेला, बाटल्यांचा कारखाना गेला, गोदामं गेली. गावाची हद्द संपली तेव्हा तिने एकदा शेजारी पाहिलं. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. पण कोर्टात तिने वर्षानुवर्षं डोळे मिटून ऐकणारी मोठी माणसं पाहिली होती, आणि मधेच हाक मारली तर ती किती चिडतात तेही पाहिलं होतं. तिने हाक मारली नाही. पूल आला, तो ओलांडला. समोरून मालट्रक आले, तिने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि डावीकडून गेली. तिसरा गिअर पडला, चौथाही पडला. भीती होती, पण भीतीच्या खाली कुठेतरी मजाही वाटू लागली होती. असं करता करता रस्ताच संपला. समोर नदीचं रुंद मुख आणि गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीचा धक्का. तिथे एक माणूस उभा होता. त्याने हात केला, पुढे या, पुढे या, डावीकडे, बस. लघुलेखिकेने हाताप्रमाणे गाडी नेली. बोटीवर. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मांडीवर हात ठेवून पुढच्या सूचनेची वाट पाहत बसली.

बोट सुटली तरी मास्तर उठले नाहीत. मध्यावर गेल्यावर भोंगा वाजला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. समोर पाणी. डावीकडे पाणी. उजवीकडे पाणी. आणि गाडी डुलतेय.

मास्तरांनी दोन्ही पायांनी ब्रेकवर उडी मारली. "ब्रेक! ब्रेक! अहो, ब्रेक मारा!"

"सर, गाडी बंद आहे."

"मग चालतेय कशी?"

"बोट चालतेय, सर."

मास्तर दार उघडून मोज्यांवरच बाहेर पडले आणि "वाचवा" म्हणून ओरडले. तेवढ्यात त्यांना कठडा दिसला, कठड्याला टेकून शेंगदाणे खाणारी माणसं दिसली, आणि त्या माणसांत टायरवाल्याचा मेहुणाही दिसला. तो शेंगदाणे खायचा थांबला होता.

दुपारी उशिरा गाडी परतली. ऑफिसात पुढच्या वेळांची माणसं बसून कंटाळून निघून गेली होती. बाईंनी चारदा फोन लावला होता, तो मास्तरांच्या बुटात वाजत राहिला होता. गाडी चालवत लघुलेखिकाच आली. मास्तर शेजारून उतरले आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "लांब पल्ल्याचा सराव दिला आज." आणि वर निघून गेले.

लघुलेखिकेला बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "काय झालं?"

तिने सांगितलं. कोर्टात सांगावं तसं, काही कमी नाही, काही जास्त नाही. बोटीवरचं संभाषण आलं तेव्हा बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर पदर धरला. लघुलेखिका हसली नाही. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? सरांना बरं नसतं का?"

"का हो?"

"झोपेत त्यांचा श्वास बंद पडायचा. घोरणं एकदम थांबायचं. मला वाटायचं, जागे झाले. बघितलं तर तोंड उघडं आणि छाती हलत नाही. मग बुडणारा माणूस घेतो तसा श्वास घ्यायचे. एकदा इतका वेळ थांबला, की मी गाडी बाजूला घेणार होते. पण त्यांनी थांबू नका म्हटलं होतं." पाण्याचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "ट्रक होते समोर. मला ब्रेक नीट लागला नसता तर लावायला कुणी नव्हतं."

बाईंच्या तोंडावरचा पदर तिथेच राहिला. हसू कुठल्या कुठे गेलं. इतकी वर्षं त्या अंधारात जे एकट्याने ऐकत होत्या, ते आज एका परक्या बाईने भर उजेडात, हातात स्टिअरिंग धरून ऐकलं होतं. मेली असती ही. कुणाच्या तरी दोन वेळा घेतलेल्या मटणापायी मेली असती. बाईंना मास्तरांची किळस आली. आणि लगेच त्याहून जास्त स्वतःची. कारण ते मटण दोनदा गरम केलं होतं त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मास्तर येत नव्हते. बाई म्हणाल्या, "येत नसाल तर मी त्या मुलीला घेऊन लायसन्सच्या ऑफिसात जाते." मास्तर आले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, त्यामुळे मास्तर आधीच नाखूश. त्यांनी वजन केलं, रक्तदाब पाहिला, रक्त काढायला लावलं, आणि विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?"

"वेळ झाली की."

"आणि झोपता किती वाजता?"

"जेवले की," मास्तरीणबाईच म्हणाल्या. "धुतलेले हात अजून ओले असतात."

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं, म्हणून जळजळ, म्हणून खोकला. पोट रात्रभर राबत राहतं, झोप वरवरची होते. रात्रीचं जड आणि गोड शरीर धड खर्चत नाही, त्यामुळे वजन चढतं आणि सकाळची साखरही. वजन चढलं, मानेभोवती चरबी आली, की झोपेत श्वासाची वाट बंद होते. त्याची तपासणी करावी लागेल. "आणि ती होईपर्यंत गाडीत बसून शिकवायचं नाही. झोपायच्या तीन तास आधी जेवण. हलकं."

"मी दिवसाकाठी एकदाच जेवतो, डॉक्टर," मास्तर दुखावल्या आवाजात म्हणाले.

"दिवसाकाठी नाही. रात्रीकाठी."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "पोरगी आहे अजून. अनुभव नाही." मग ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तिथून तिसऱ्याकडे. उशीचा दोष आहे असं सांगणारा डॉक्टर गावात असेलच, अशी त्यांची खात्री होती. तिघांनी तेच सांगितलं. मास्तर म्हणाले, "तिघे एकाच कॉलेजातले असणार."

बाईंनी ठरवायचं ते ठरवलं. गाडीची किल्ली त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या सकाळी लघुलेखिकेशेजारी त्या स्वतः बसल्या. क्लचवर पाय ठेवला आणि विसरलेलं सगळं परत आलं. टेबलामागे मास्तर बसले. फोन वाजला की ते "कोण बोलतंय?" असं दरडावून विचारत आणि समोरचा माणूस फोन ठेवून देई.

त्याच संध्याकाळी बाईंनी सातला स्वयंपाक उरकला, ताट वाढून घेतलं आणि एकट्या बसून जेवल्या. सावकाश, गरम, चवीने. भांडी घासली, ओटा पुसला, थोडा वेळ खिडकीत बसल्या, आणि वेळेवर झोपल्या. बैठकीहून मास्तर आले. "वाढ." त्यांनी दिवा लावला, डबे उघडले, झाकणं पाडली. गॅस पेटवायला जमला नाही की पेटवायचा प्रयत्नच केला नाही, कोण जाणे. माणूस दुसऱ्याच्या बायकापोरांना चढावर गाडी धरायला शिकवतो आणि स्वतःच्या घरात चमचा कुठे असतो हे त्याला माहीत नाही. मास्तरांनी उभ्या उभ्या पावाला जॅम फासून खाल्लं. मग तशा अपरात्री मुलीला फोन लावून म्हणाले, "तुझ्या आईने मला उपाशी मारायचं ठरवलंय."

सकाळी मुलीचा फोन आला. "आई, काय गं हे?"

"जॅमची बाटली रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "त्यावरून उपास किती कडक होता ते बघ."

"अगं, पण तुला झोप लागली? बाबांनी एवढी आदळआपट केली म्हणे."

बाई थबकल्या. खरंच, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट आत्ता ध्यानात आली. गेली कित्येक वर्षं सकाळी उठल्यावर त्यांच्या घशात आंबट जळायचं, तोंड कडू असायचं, डोकं भणभणायचं. त्याचा दोष त्या चहाला देत होत्या, वयाला देत होत्या. आज घसा साफ होता. म्हणजे मास्तर उशीला दोष देत होते आणि आपण चहाला. फरक एवढाच, की मास्तर हौसेने उशिरा जेवत होते आणि आपण दुसऱ्याच्या हौसेपायी. कुणी सांगितलं होतं थांबायला? खरं तर मास्तरांनीही कधी "थांब" म्हटलं नव्हतं. ते फक्त "वाढ" म्हणत होते. बाईंना स्वतःला एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

मास्तर सुधारले, पण ते डॉक्टरांमुळेही नाही आणि बायकोमुळेही नाही. लाजेमुळेही नाही, कारण लाज वाटायला चूक दिसावी लागते. ते सुधारले ते टायरवाल्याच्या मेहुण्यामुळे. त्याने बोटीची गोष्ट टायरवाल्याला सांगितली, टायरवाल्याने दुकानात सांगितली, आणि बैठकीत मास्तर खोलीत पाऊल ठेवतात तोच कोपऱ्यातून कुणीतरी तोंडाने भोंगा वाजवला. भोंऽऽ. सगळी खोली हशाने फुटली. त्या दिवसापासून संघटनेत त्यांचं नाव पडलं, कप्तान. "कप्तान, पाणी किती खोल?" "कप्तान, मोजे वाळले का?" चौकातल्या वर्तुळावर मास्तर बोलायला उभे राहिले, की मागून आवाज येई, "सरळ जात राहा."

काही दिवस मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. मग डोकं दुखतंय म्हणून बैठक चुकवली. मग पाठ. मग जाणंच बंद केलं. संध्याकाळी माणूस घरात. करायला काही नाही, बोलायला कुणी नाही. सातला बाईंचं ताट वाढलं गेलं की मास्तर समोर येऊन बसत. "आता बसलोच आहे तर," असं म्हणून जेवत. बाई वाढत नसत, भांडं पुढे सरकवत. तपासणी झाली, श्वास खरंच बंद पडत होता असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी झोपताना लावायचा मास्क दिला, तो मास्तरांनी आठवडाभर बायकोच्या नावाने बोटं मोडत लावला, आणि मग त्यांना झोप लागली. खरी झोप. सकाळी उठून ते ओट्याजवळ आले आणि अवघडल्यासारखे म्हणाले, "काही खायला आहे का गं? भूक लागलीय." बाईंनी पावाचं पाकीट दाखवलं.

पट्टा मागे सरकू लागला. जळजळ गेली. सकाळची साखर खाली आली. डॉक्टरीणबाईंनी गाडीत बसायला परवानगी दिली. बाईंनी किल्ली काही परत दिली नाही. आता शिकायला येणाऱ्या बायका थेट विचारत, "मॅडम शिकवणार ना?"

एव्हाना बाईंचा मास्तरांवरचा राग कमी झाला होता. त्यांना वाटलं होतं, आता कधीतरी हा माणूस म्हणेल, तू म्हणालीस ते बरोबर होतं. किंवा निदान त्या लघुलेखिकेकडे जाऊन चुकलो म्हणेल. मास्तर एका सकाळी जेवणाच्या टेबलावर चमचा आपटून म्हणाले, "अगं, मी एक शोध लावलाय."

"कसला?"

"माणसाने रात्री लवकर जेवावं. सातला. मी स्वतःवर प्रयोग करून पाहिलाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. चेहरा स्वच्छ, तुकतुकीत, लहान मुलासारखा प्रामाणिक. एवढं धडधडीत खोटं खरं मानायला केवढी गाढ झोप लागत असेल, असं त्यांच्या मनात आलं.

मग मास्तर सुटलेच. दुकानात, रस्त्यात, जिन्यात, जो भेटेल त्याला विचारायचे, "रात्री किती वाजता जेवता?" उत्तर काहीही असो, मान हलवायचे. ऑफिसात वाहतुकीच्या तक्त्याशेजारी त्यांनी पाटी लावली, 'लवकर जेवा, सुखरूप पोहोचा'. बाईंना म्हणाले, "तुझ्या डोळ्यांखाली काळं दिसतंय. तू संध्याकाळी काहीतरी चरत असणार." बोटीच्या गोष्टीचंही त्यांनी सोनं केलं. "त्या दिवशी मी मरणाच्या दारातून परत आलो," असं सांगत. गाडी चालवणारी लघुलेखिका त्या गोष्टीतून केव्हाच गळाली होती. लघुलेखिका परीक्षा पास झाली, पेढे द्यायला ऑफिसात आली, तेव्हा मास्तर तिला म्हणाले, "बघा, झोपेकडे लक्ष द्या. झोप नसली की अपघात होतात." ती शांतपणे "हो सर" म्हणाली आणि बाईंकडे बघून किंचित हसली. त्या हसण्यात जे होतं ते तिने कोर्टात कधीच उतरवलं नसतं.

संघटनेलाही कप्तानाचा विसर पडत चालला होता. त्यात टायरवाल्याला साखर निघाली. त्यामुळे मास्तरांना मानाने बोलावणं आलं, आरोग्यावर दोन शब्द बोला, सहकुटुंब कार्यक्रम आहे. मास्तरांनी कोट इस्त्री करून घेतला. संध्याकाळी सहाची वेळ. नेहमीप्रमाणे मंडळी जमायला उशीर झाला, मग प्रास्ताविक झालं, मग टायरवाल्याने मास्तरांची ओळख करून देताना स्वतःचीच करून दिली. मास्तर उभे राहिले तेव्हा सात वाजायला आले होते.

"मित्रहो," मास्तर म्हणाले, "सूर्य मावळला की पोटाची दारं बंद होतात."

बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी टायरवाल्याची बायको. मास्तर आम्लावर बोलले, चरबीवर बोलले, इच्छाशक्तीवर तर फारच बोलले. सात वाजून गेले. साडेसात वाजले. पुढच्या रांगेत लहान मुलं कुरकुरू लागली. टायरवाल्याच्या बायकोच्या पोटातून आवाज आला, ती ओशाळली. गोळी घेतल्यावर वेळेवर जेवायचं असतं म्हणून तिचा नवरा सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि मास्तर त्याच्याच डोळ्यांत बघून सांगत होते, "शिस्त! शिस्त लागते!"

"अजून किती वेळ बोलतील हो?" टायरवाल्याची बायको कुजबुजली.

"ऐकणारे आहेत तोवर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला भूक लागलीय ना?"

"मरणाची. पण असं कसं उठायचं? मोठं माणूस बोलतंय."

बाईंनी पर्स उचलली. गाडीची किल्ली आत होती का ते चाचपलं. "तुम्ही बसा हवं तर. माझी जेवायची वेळ होऊन गेलीय."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मास्तरांनी वर पाहिलं. बायको दाराकडे चालली होती, आणि तिच्यामागे टायरवाल्याची बायको, तिच्यामागे दोन मुलांना हाताला धरून आणखी एक बाई. मास्तर क्षणभर अडखळले. मग हात वर करून म्हणाले, "बघा मंडळी, याला म्हणतात इच्छाशक्तीचा अभाव," आणि त्यांनी बोलणं पुढे चालू केलं.

खाली रस्त्यावर बाईंनी गाडीचं दार उघडलं. "बसा सगळ्या. भात तयार आहे, बाकी पटकन होईल."

पाचही जणं घरी जाऊन पोटभर जेवली. मुलांनी डाळ सांडली, टायरवाल्याची बायको भांडी पुसू लागली, आणि नऊच्या सुमाराला सगळ्या आपापल्या घरी गेल्या. बाईंनी ओटा पुसला, स्वयंपाकघराचा दिवा मालवला. मास्तरांचं भाषण तेव्हा संपत आलं होतं की नाही, हे त्यांना कळलं नाही. ते घरी कधी आले, आल्यावर त्यांनी काय खाल्लं, हेही नाही. त्यांना गाढ झोप लागली होती.